नोंद क्रमांक अठ्ठावन्नची दुरुस्ती

दुरुस्ती पत्रक
*(डॉल्फिनच्या नोंदवहीतल्या चुकीसाठी. ज्याची चूक, त्यानेच भरावे. शाईने लिहावे. थोडक्यात लिहावे.)*

भाग अ: चूक कळल्यावर लगेच

१. भरणाऱ्याचा हुद्दा

इंटर्न. बारा आठवड्यांसाठी. आज दहाव्या आठवड्याचा पहिला दिवस.

२. कोणती नोंद चुकली?

क्रमांक ५८. टोपणनाव 'मास्तर'. एकच फोटो, उजव्या बाजूचा.

३. नोंद कशी झाली होती? (दोन ओळी)

दोन ओळींत बसत नाही. कोरे कागद जोडले आहेत.

*[समासात, लाल शाईत, बाईंचं अक्षर: जोडलेस तर जोडलेस. पण मुद्द्याचं लिही.]*

आमचं केंद्र समुद्राकाठच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात आहे. खाली ओल, वर दोन खोल्या. एकीत संगणक, दुसरीत कार्डांचे ड्रॉवर. या किनाऱ्यालगत राहणारा प्रत्येक डॉल्फिन आम्ही ओळखून ठेवतो. पाठीवरच्या पराची मागची कड आयुष्यभर फाटत जाते, कधी एकमेकांच्या दातांनी, कधी जाळ्यांनी. प्रत्येकाच्या खाचा वेगळ्या. त्या खाचांचे फोटो म्हणजे आमची कार्डं. केंद्राच्या प्रमुखांना सगळे बाई म्हणतात.

*[लाल शाईत: हे मला माहीत आहे.]*

*[निळ्या शाईत, माझं: पत्रक फाइलमध्ये राहतं ना बाई. दहा वर्षांनी कोणी वाचलं तर?]*

*[लाल शाईत: बरं. चालू दे.]*

सुरुवातीची काही वर्षं बोट किनाऱ्याला धरून एकाच दिशेने जायची आणि परतताना बाहेरून, खोल पाण्यातून यायची; फोटो जातानाच निघायचे. त्यामुळे जुन्या डॉल्फिनांच्या फक्त डाव्या बाजू आपल्याकडे आहेत. म्हणून नियम असा, की उजव्या बाजूचा फोटो आला तर तो संगणकावर उलटवायचा, म्हणजे आरशात दिसावा तसा करायचा, आणि मग सगळ्या कार्डांशी ताडायचा. एक कार्ड ताडलं की एक खूण. त्या दिवशी कार्डं होती सत्तावन्न. सेहेचाळीस 'हजर' ड्रॉवरमध्ये आणि अकरा 'गैरहजर' ड्रॉवरमध्ये. चार वर्षं जे दिसले नाहीत ते गैरहजर. मेले असं आम्ही लिहीत नाही, पण मनात धरतो.

आणखी एक पद्धत आहे. ज्याला नवा डॉल्फिन सापडतो, त्याने त्याचं नाव ठेवायचं. 'करवत', 'घाईघाई', 'टेकूताई' ही सगळी आधीच्या इंटर्न मुलामुलींनी ठेवलेली नावं.

सातव्या आठवड्यातल्या गुरुवारी माझ्यासमोर एक उजवी बाजू होती. वरच्या टोकाशी दोन बारीक दात, मग लांब सरळ कड, मग खाली एक तिरकी खाच. पाठीमागे आमचा सीनियर उभा होता. तो इथे तीन वर्षं संशोधन करतोय. त्याला सगळे 'होकायंत्र' म्हणतात, कारण समुद्रात तो कधी चुकत नाही आणि बाजारात गेला की फोन करून रस्ता विचारतो.

"हा नवा आहे बघ," तो म्हणाला. "लिहून देतो."

"थांब रे दादा. अजून कार्डं व्हायचीत."

"किती झाली?"

"सेहेचाळीस."

"म्हणजे हजर मंडळी संपली. राहिले ते बेपत्ता. ते काय आज उठून फोटो काढायला येणारेत? नाव बोल, नाव!"

बाकीच्या दोन इंटर्नसुद्धा खुर्च्या सरकवून आल्या. कोणीतरी टेबलावर बोटांनी ढोल वाजवायला लागलं. अकरा कार्डं ताडायला पाच मिनिटं लागली असती.

मी अकरा खुणा एका दमात केल्या. पेनसुद्धा उचललं नाही. नोंदवहीतलं ते पान उघडलंत तर दिसेल, सेहेचाळीस खुणा सुट्या सुट्या आहेत आणि शेवटच्या अकरा एकमेकींना चिकटल्या आहेत.

नाव ठेवलं 'मास्तर'. माझे बाबा शिंपी आहेत. त्यांना सगळं गाव मास्तर म्हणतं.

*[लाल शाईत: चिकटलेल्या खुणा शेवटची सही करताना मला दिसायला हव्या होत्या. दिसल्या नाहीत. हे माझं.]*

४. चूक कशी लक्षात आली?

काल रविवारी घरी गेले होते. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. डावीकडे मशीन, मधे कापायचं टेबल, उजवीकडे गिऱ्हाइकांसाठी पुरुषभर उंचीचा आरसा. आरशासमोरच्या भिंतीवर बाबांनी ५८ नंबरचा फोटो मोठा करून, चौकटीत घालून लावला होता. खाली कापडावर आखायच्या खडूने लिहिलं होतं, 'मास्तर'.

एक उंच गृहस्थ कोटाचं माप द्यायला उभे होते. मी दारात असतानाच ऐकू आलं.

"तो फोटो ना? तो मीच," बाबा म्हणत होते. "हात जरा लांब. हल्ली समुद्रातच असतो मी."

"मास्तर, पोहता येतं का तुम्हाला?"

"मला नाही. त्याला येतं. छाती बेचाळीस. माझ्या मुलीनं शोधला. सत्तावन्न होते, हिनं अठ्ठावन्नावा काढला. बाही पंचवीस."

"आणि हे बघा मुलगी आलीच," आई आतून बोलली. "यांच्या बोलण्यात ती रोजच येते, पण खरी नाही. आज खरी आली."

मी हसले. चपला काढल्या. त्या गृहस्थांच्या खांद्यावरून आरशात पाहिलं, आणि आरशात मास्तर नव्हता.

आरशात तेवीस होता.

तेवीस नंबरचं कार्ड मी पहिल्याच आठवड्यात पाठ केलं होतं. तेव्हा सगळीच पाठ केली होती, पण त्या गुरुवारी नावाच्या घाईत हे आठवलंच नाही. दोन दात, लांब कड, तिरकी खाच. डावी बाजू. टोपणनाव 'शेजारीण', कारण ती कायम दुसऱ्या कोणाच्या तरी कडेने पोहायची. शेवटची दिसली त्याला पाच वर्षं झाली. ड्रॉवर गैरहजर.

मी गिऱ्हाईक जाईपर्यंत गप्प बसले. मग चौकट काढली आणि आरशासमोर धरली.

"उलटी धरलीस," बाबा म्हणाले.

"आजवर उलटी होती, बाबा."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मी मोबाइलवर तेवीसचं कार्ड दाखवलं. त्यांनी एकदा आरशात पाहिलं, एकदा मोबाइलमध्ये. शिंप्याला कड समजावून सांगावी लागत नाही.

"एकाच कापडाच्या दोन बाजू," ते म्हणाले. "पालटून पाहिलं नव्हतंस?"

"अकरा कार्डांशी नाही पाहिलं. आणि पाहिलं असं लिहिलं."

बाबा कितीतरी वेळ गळ्यातली टेप गुंडाळत राहिले. उलगडून पुन्हा गुंडाळली.

"नजरचूक वेगळी," ते शेवटी म्हणाले. "माझीसुद्धा होते. उसवतो, पुन्हा शिवतो. पण माप न घेता आकडा लिहिला, हे मी कारागिराला माफ नाही करत. तुला माहितीये."

"माहितीये."

"मग कधी सांगणार?"

"उद्या गेल्यावर."

"उद्या कशाला? फोन मेलाय का तुझा?"

आई दारात येऊन उभी होती. "अहो, जेवू तरी द्या तिला."

"सांगून जेवेल."

"पण मग तुमचं नाव?" मी विचारलं.

"नाव काय!" बाबा चौकट माझ्या हातातून घेत म्हणाले. "माझं नाव पाटीवर आहे दुकानाच्या. ते कोणी खोडत नाही."

बोलले खरे. पण चौकट भिंतीशी टेकवताना तिची मागची बाजू पुढे केली त्यांनी.

५. कोणाला सांगितलं, कधी?

बाईंना. रविवारी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, फोनवर. बाई म्हणाल्या, "उद्या आठ वाजता ये. पेन आणू नकोस. पत्रक इथल्या शाईने भरायचं."

त्याआधी एक वाजता होकायंत्राला सांगितलं, कारण दुसऱ्या तपासणाऱ्याची सही त्याची आहे. त्याला ते आधी कळायला हवं होतं. त्याचं म्हणणं इथे लिहिते, त्याची परवानगी घेतली आहे.

"एका डॉल्फिननं काय आभाळ कोसळतंय? आठवडाभर थांब. केंद्राचा अहवाल जाऊ दे. मग हळूच दुरुस्त करू."

"हळूच म्हणजे कसं?"

"म्हणजे... हळूच." मग स्वतःच म्हणाला, "सांग तू. मीपण नाही पाहिलं ते ड्रॉवर. तुझ्या खुणा पाहिल्या आणि सही ठोकली. माझंही नाव घे."

घेतलं.

६. चुकीचा प्रकार (एका चौकोनात खूण करावी)

☐ वाचताना
☐ लिहिताना
☐ यंत्राची
☐ इतर

यातला एकही बरोबर नाही. 'इतर' वर खूण केली तर सोपं जाईल, म्हणून करत नाही. खाली पेनाने नवा चौकोन काढते.

☑ न बघता बघितलं म्हणून लिहिलं

*[लाल शाईत: पुढच्या छपाईत हा चौकोन घालायचा.]*

७. दुरुस्तीचा परिणाम

एकूण डॉल्फिन अठ्ठावन्न नाहीत, सत्तावन्न.

गैरहजर अकरा नाहीत, दहा.

दुसरी ओळ लिहून पुन्हा पुन्हा वाचली, ते या पत्रकात कुठे लिहायचं ते माहीत नाही.

आज सकाळी बाईंनी यातली पहिली ओळ वाचली. नोंदवही उघडली, चिकटलेल्या खुणांवरून बोट फिरवलं.

"अकरा?"

"अकरा."

"आणि तुझ्या हातच्या एकूण नोंदी किती?"

"एकशे चौसष्ट फोटो ताडलेत, बाई."

"आता ते एकशे चौसष्ट काय आहेत, माहीत आहे?"

"काय?"

"अफवा."

ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी समजावल्यासारखं सांगितलं. बारावा आठवडा संपताना प्रत्येक इंटर्नच्या कामावर त्या एक शब्द लिहितात. 'ग्राह्य' लिहिला तर नोंदी वहीत राहतात. 'अग्राह्य' लिहिला तर तीन महिन्यांचं सगळं काम बाद. मग ती इंटर्न इथे आली होती, याचा वहीत कुठेही पुरावा राहत नाही. माझ्याबाबत आज लिहायचं झालं तर कोणता शब्द, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. दोघींनाही माहीत होतं.

मग त्यांनी दुसरी ओळ वाचली. उठल्या. गैरहजरांचा ड्रॉवर ओढला आणि तेवीस नंबरचं कार्ड काढून खिडकीशी नेलं.

तो फोटो त्यांनीच काढलेला आहे, केंद्र सुरू झालं त्या पहिल्या वर्षी. कार्डावर कोपऱ्यात लिहिलंय. गैरहजर ड्रॉवरमध्येही त्यांनीच ठेवलं असणार.

"एक उजवी बाजू आणि एक डावी, मधे पाच वर्षांहून जास्त," त्या खिडकीकडे पाहत म्हणाल्या. "सारख्या दिसतात. दिसतात, एवढंच. एकाच वेळी दोन्ही बाजू दिसल्याशिवाय हे कार्ड मी हलवणार नाही."

आणि परत ठेवलं. पण ड्रॉवर पूर्ण लावला नाही.

*[लाल शाईत: हा ड्रॉवर नीट लागतच नाही. गंजलाय.]*

*[निळ्या शाईत: हो बाई.]*

भाग ब: फेरतपासणी

८. कोणत्या नोंदी पुन्हा तपासल्या?

सगळ्या. एकशे चौसष्ट. मंगळवार ते पुढचा मंगळवार, आठ दिवस. या काळात बोटीवर गेले नाही. सकाळी सगळे लाइफ जॅकेटं चढवून खाली उतरायचे, बोटीचं इंजिन खोकत सुरू व्हायचं, आणि मी वर कार्ड नंबर एक काढायचे.

पहिल्या दिवशी एकोणीस फोटो. मान अशी अवघडली की रात्री उशी नको झाली. दुसऱ्या दिवशी होकायंत्र आला, बाजूची खुर्ची ओढली.

"सरक."

"तुझी बोट सुटेल."

"सुटू दे. माझीही सही आहे त्या पानावर." गैरहजरांचा पूर्ण ड्रॉवरच त्याने मांडीवर घेतला. "एक सांगू? तीन वर्षांत मी या अकरा जणांची तोंडं पहिल्यांदा नीट बघतोय."

"तोंडं नाहीत दादा. पाठी."

"बघ, एवढंसुद्धा माहीत नाही मला."

तो दोन दिवस बसला. बाकीचं मी एकटीने केलं, आणि ते एकटीनेच करायचं होतं.

तिसऱ्या दिवसापासून एक वेगळंच होऊ लागलं. आधी मी खाचा मोजायचे. आता खाचा आपणहून डोळ्यांत भरायला लागल्या. 'करवत'च्या कडेला एकोणीस दात आहेत, त्यांतले चार गेल्या वर्षातले. 'टेकूताई'ची वरची खाच दर वर्षी थोडी झिजते, गोल होत जाते. कडा फक्त एकाच दिशेने बदलतात हे पुस्तकात वाचलं होतं, आता ते दिसत होतं. कार्ड हातात घेतल्यावर नंबर बघायच्या आधी नाव तोंडात यायचं. हे कोणाला सांगितलं नाही. खूण मात्र बाराखडी गिरवावी तशी करत होते, एक कार्ड, एक खूण, पेन वर.

९. काय सापडलं?

दोन चुका. एका फोटोची तारीख एक दिवस पुढची. एका ठिकाणी एकतीस नंबरऐवजी तेरा. दोन्ही दुरुस्त केल्या. दोन्ही प्रामाणिक.

*[लाल शाईत: 'प्रामाणिक चूक' असा रकाना नाही.]*

*[निळ्या शाईत: खोटी खूण एकही सापडली नाही, असं लिहू का?]*

*[लाल शाईत: तसं लिही. ते मोजता येतं.]*

खोटी खूण, त्या अकरा सोडून, एकही सापडली नाही.

भाग क: पुरावा

१०. पुरावा कसा मिळाला?

अकराव्या आठवड्याच्या गुरुवारी बाई जिन्यावरूनच म्हणाल्या, "आज तू बोटीवर."

"मी? कॅमेऱ्यावर?"

"कॅमेरा त्याच्याकडे. तू फक्त बघायचंस. तिला सध्या सगळ्यात जास्त तूच पाठ केलंयस."

बोट चालवणाऱ्या काकांना होकायंत्राने सगळी गोष्ट आधीच तिखटमीठ लावून सांगितली होती. मी पाय टाकताच ते म्हणाले, "या मास्तरीणबाई. आज वडील भेटणार म्हणे तुमचे."

"वडील नाही, काका. शेजारीण."

"शेजारीण भेटणं जास्त अवघड. काम असलं की नेमकी घरात नसते."

साडेनऊपर्यंत काही नाही. वारा कमी, पाणी कापड पसरल्यासारखं. दहाच्या सुमाराला पुढे पाच पाठी वर आल्या. काकांनी इंजिन मंद केलं आणि मग बंद. आमचा नियम आहे, पाठलाग करायचा नाही. त्यांना यायचं तर येतील.

"घाईघाई," मी म्हटलं. "तिच्यामागे चौतीस. तो लहान माहीत नाही. त्यापुढे करवत."

होकायंत्र क्लिक करत होता, बाई लिहीत होत्या. पाचवी पाठ करवतच्या पलीकडून वर आली, अगदी त्याच्या कडेला चिकटून.

दोन दात. लांब कड.

"तेवीस," मी म्हटलं. मग बाईंकडे वळले. पुन्हा म्हटलं. "बाई, तेवीस. डावी बाजू."

बाईंनी वर पाहिलं नाही. विचारलंही नाही, नक्की का म्हणून. लिहिलं. पेनाचा आवाज मला ऐकू आला.

पण डावी बाजू पुरेशी नव्हती. त्यांनी बुडी मारली. पाणी पुन्हा सपाट. मी मोजत राहिले. चाळीस, पन्नास, सत्तर. होकायंत्राच्या कपाळावरचा घाम कॅमेऱ्यावर पडत होता आणि तो पुसत नव्हता.

"गेली," काका म्हणाले.

"नाही गेली," मी म्हटलं. का म्हटलं ते माहीत नाही. 'करवत' उजव्या हाताला वर आला म्हणून असेल. तो आहे तिथे ती असणार.

आणि आली. बोटीपासून दहा-बारा हातांवर, डावी बाजू आमच्याकडे. मग ती बुडली नाही. पाठ पाण्याच्या वर ठेवूनच तिने सावकाश वळण घेतलं, घरी काही विसरून परत फिरल्यासारखं, आणि गेली तशीच उलट दिशेने निघाली. उजवी बाजू. तिरकी खाच उन्हात ओली चमकत होती.

सात सेकंद. चौदा फोटो. एकही क्षण पर पाण्याखाली नाही.

"घेतलेस?" बाईंनी विचारलं.

"घेतले," होकायंत्र म्हणाला. "सगळे. बाई, सगळे घेतले!"

बाईंनी वही मांडीवर ठेवली. त्यांनी काढलेल्या पहिल्या फोटोतली ती, मधल्या काळात कितीदा बोटीपासून बहात्तर हातांवरून गेली असेल आणि आम्ही तिला बेपत्ता धरून बसलो होतो. त्या इतकंच म्हणाल्या, "जाड झालीये."

*[लाल शाईत: 'बहात्तर हात' कुठून आणलेस? मोजलं नाहीस तर लिहू नको.]*

*[निळ्या शाईत: खोडते.]*

११. नोंद बदलल्याची माहिती संबंधितांना दिली का?

दिली. संबंधित म्हणजे बाबा, असं मी धरलं.

दोन्ही बाजूंचे फोटो घरी पाठवले. संध्याकाळी फोन केला तर आईने उचलला. हसून हसून तिला बोलता येईना.

"अगं, तुझे बाबा बाई निघाले!"

"आई!"

"आणि तीही शेजारीण! इतकी वर्षं संसार केला, मला पत्ताच नाही."

मागून बाबा ओरडले, "फोन दे इकडे." मग घसा साफ केला. "काय गं. सिद्ध झालं का?"

"झालं. दोन्ही बाजू. एकाच वळणात."

"म्हणजे मी गेलो."

"तुम्ही गेलात, बाबा. अठ्ठावन्नच्या ओळीवर लाल रेघ. तो नंबर आता कोणालाच द्यायचा नाही, तसा नियम आहे. रेघेखाली खोडणाऱ्याची सही."

"ती कोणाची?"

"माझी."

पलीकडे मशीन चालू होतं, ते थांबलं. दुकानात कोणीतरी असावं, कारण बाबा फोन बाजूला करून त्याच्याशी बोलले. पण फोनवर हात ठेवायला विसरले.

"मुलीचा फोन आहे. हो, तीच. नाही, नाही, ते नाव गेलं आता. चूक होती. कोणी पकडली? तिनंच! स्वतःची! अहो, बापाचं नाव होतं त्यावर, बापाचं, तरी खोडलं. बसा, सांगतो. काय घाई आहे, पँट उद्या घेऊन जा."

१२. पत्रक तपासणाऱ्याचा शेरा

*[लाल शाईत: पत्रक प्रमाणाबाहेर लांब. नोंद ५८ रद्द. नोंद २३ हजर. बदल मान्य.]*

(यापुढे पत्रकात रकाना नाही. कोरी बाजू उरली आहे, तिथे लिहिते.)

बाराव्या आठवड्याचा शुक्रवार. बाकीच्या दोघींच्या फायली झाल्या होत्या. त्या खाली सामान बांधत होत्या. बाईंनी मला वर बोलावलं, समोर बसवलं. माझ्या एकशे चौसष्ट नोंदींचा गठ्ठा एकेक पान करून उलटला. प्रत्येक पान. अकरा चिकटलेल्या खुणांच्या पानाशी थांबल्या, माझी लाल रेघ पाहिली, पुढे गेल्या. शेवटच्या पानावर पेन टेकवलं.

ग्राह्य.

शब्द छोटाच आहे. मी तो उलटा वाचला, टेबलाच्या या बाजूने, आणि मला वाटलं आता उठून जावं, नाहीतर रडू येईल आणि कागद भिजेल.

"बस," बाई म्हणाल्या. "काम आहे."

त्यांनी एक नवीन पान पुढे सरकवलं. तेवीस नंबर परत आल्यापासून बाई गैरहजरांचा ड्रॉवर पुन्हा काढून बसायच्या, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. उरलेल्या दहांमधला नऊ नंबर, फक्त डावी बाजू. आणि हजरांमधला चव्वेचाळीस नंबर, फक्त उजवी. दोन्ही बाजू एकाच वेळी दिसल्याचा फोटो नव्हता, तरी पानावर लिहिलं होतं की दोन्ही एकच. सगळ्या खुणा केलेल्या. पहिली सही बाईंची, झालेली. तपासणाऱ्याची जागा मोकळी.

"दुसरी सही तू कर," त्या म्हणाल्या. "वाचून. पटलं तरच."

"मी? दादा आहे ना."

"तुला विचारतेय."

मी फोटो उलटवला. दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. वरचा दात जुळत होता. मधली कड जुळत होती. खालच्या खाचेपाशी आले आणि थांबले. पुन्हा वरून सुरुवात केली. पुन्हा तिथेच थांबले.

नऊ नंबरच्या जुन्या फोटोत ती खाच गोल होती. चव्वेचाळीसच्या नव्या फोटोत टोकदार.

बाईंना ती जुळायला हवी होती. पानावरच्या अक्षरातच ते दिसत होतं. नेहमीपेक्षा थोडं मोठं, थोडं घाईचं. मलाही जुळायला हवी होती. आणखी एक जण परत यावा असं कोणाला वाटणार नाही?

माझ्या हातात बाईंचंच पेन होतं. ते मी टोपण लावून टेबलावर ठेवलं.

"बाई, मला नाही पटत."

"कुठे?"

"खालची खाच. कड झिजून गोल होते. गोल झालेली पुन्हा टोकदार होत नाही. नऊ नंबर जुना आहे आणि गोल आहे. हे दोघं वेगळे आहेत."

बाईंनी ते पान स्वतःकडे वळवलं.

"सही करणार नाहीस?"

"नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही. मग त्या उठल्या, खुर्ची उचलून टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आणली, चष्मा पुसला, आणि दोन्ही कार्डं आमच्या मधोमध ओढली.

"दाखव," त्या म्हणाल्या.